आवाज कसा आला?

डिसेंबर सरत आला की नाशिकला मखमलाबादकडच्या आमच्या गल्लीत पहाटे धुराचा वास येतो. मागच्या द्राक्षबागांत बांधाबांधावर शेकोट्या पेटलेल्या असतात. मण्यांत पाणी उतरायची ती वेळ. पारा फार खाली गेला की मण्यांना तडे जातात, म्हणून धूर करायचा, पहाटे ठिबक सोडायचं, कारण विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असतं. गेल्या डिसेंबरात आमच्या फाटकापाशी त्या धुरात आणखी एक वास मिसळायला लागला. कच्च्या पेट्रोलचा. तो उद्योग माझा होता.

गाडी नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची. मारुती एट हंड्रेड, १९९७ची, पांढरी, हाताने चोक ओढायचा, हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरचा तो जुना प्रकार. नाना तिला कधी गाडी म्हणत नाहीत, मारुतीच म्हणतात. त्यामुळे आमच्याकडे शनिवारी दोन मारुतींना तेल लागतं. एकाला आई देवळात घालते, दुसऱ्याला नाना अंगणात. २०१२पासून दर पाच वर्षांनी नाना आरटीओत जाऊन तिची नोंदणी वाढवून आणतात, पर्यावरण कर भरतात. शेवटच्या खेपेला आई म्हणाली होती, "एवढी हौस माझ्या गुडघ्यांची केली असती तर मी वणीच्या पायऱ्या चढून आले असते." नानांना ते ऐकू आलं नाही, किंवा आलं तरी त्यांनी तसं दाखवलं नाही. ही एक सोय त्यांना झाली आहे.

नानांनी सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये एकतीस वर्षं काढली. पत्र्यावर डाय आपटायचा तो आवाज आठ तास, आणि कानात घालायला कापसाचे बोळे. साठीला आले तेव्हा उजवा कान जवळपास गेला होता, आता डावाही त्याच वाटेवर आहे. मशीन आणून दिलं आहे, ते चष्म्याच्या घरात पडलेलं असतं. "त्यात भांड्यांचा आवाज येतो, माणसांचा नाही," असं त्यांचं म्हणणं. पण ज्या माणसाने हयातभर मशीनच्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखलं, त्याचेच कान जावेत हे मला अजून पचलेलं नाही. त्यांना पचलं असावं. ते दुसऱ्याच्या कानांनी ऐकायला शिकले आहेत, आणि गेली काही वर्षं तो दुसरा म्हणजे मी.

मी सकाळच्या शाळेत शिकवते. शाळा पंचवटीत, सातला प्रार्थना. एरवी स्कूटर, पण डिसेंबर-जानेवारीत सायनसमुळे मारुती. त्या दिवशी सकाळी सव्वासहाला किल्ली फिरवली, सेल्फ मारला, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर चालवली, आणि गाडी उचलेना. दोनदा, तीनदा. आतून नाना ओट्यावर आले. नुकताच छातीत कफ होऊन गेला होता म्हणून आईने त्यांना उन्हं येईपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची बंदी केली होती. त्यामुळे ते मफलर गुंडाळून दारातच उभे.

"आवाज कसा आला?"

"कसा म्हणजे काय नाना, चालू होत नाहीये!"

"ते दिसतंय मला. आवाज कसा आला?"

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण पुढचं सगळं या एका प्रश्नावर उभं आहे. नानांच्या हिशेबात गाडी सुरू न होण्याचे आवाज मोजकेच. नुसतं एकदा 'टक्' होऊन शांतता, म्हणजे सोलेनॉइड, मोटरला करंट जोडणारा खटका, उचलतोय पण मोटर फिरत नाही. सुतारपक्ष्यासारखं 'टकटकटकटक', म्हणजे बॅटरी उतरली. तिच्यात सोलेनॉइड उचलण्यापुरताच जीव असतो, मोटरने करंट ओढला की व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सुटतो, पुन्हा उचलतो. 'झुंईंई' करून मोकळंच फिरलं तर सेल्फचा दात इंजिनाच्या जड चाकात, फ्लायव्हीलमध्ये, बसलेला नाही. इंजिन फिरतंय, पण नेहमीपेक्षा हलकं, एकसुरी, मध्ये जोर न लावता, तर इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारा टायमिंग बेल्ट गेला. आत हवा दाबलीच जात नाही, कॉम्प्रेशनच नाही, तर जोर लागणार कशाला? हा आवाज त्यांना सगळ्यात नावडता. मग उरतात दोन. 'घर्रर्र, घर्रर्र', म्हणजे फिरतंय झकास, पण पेटत नाही. पेट्रोल बघा, नाहीतर प्लगचा करंट बघा. आणि 'गुर्रर्र... गुर्रर्र... गुर्', म्हणजे फिरता फिरताच दमतंय. असं झालं तर पेट्रोलकडे बघायचंसुद्धा नाही. आधी बॅटरी, वायरी, सेल्फ, ऑइल.

मला हे सगळं पाठ होतं. लहानपणापासून ऐकत आले आहे. आणि तरी त्या सकाळी, घड्याळाकडे बघत, मी म्हणाले, "घर्रर्र येतंय."

घचा ग करायचा होता आणि खाली एक उकार द्यायचा होता. शाळेत मी मराठी शिकवते.

पुढचे बारा दिवस आम्ही त्या एका न दिलेल्या उकारात घालवले.

घर्रर्र म्हटल्यावर नानांचं डोकं सरळ पेट्रोलकडे गेलं, आणि जायलाच हवं होतं. समोरच्या काकांनीही भिंतीवरून तेच सांगितलं, "पोरी, चोक पूर्ण ओढ आणि दोन-तीन पंप मार." मी चोक पूर्ण ओढला. दोन-तीन कशाला, सात-आठ पंप मारले. कार्बोरेटरवाल्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की आतला छोटा पंप पेट्रोलची पिचकारी मारतो, इंजिन चालू असो वा नसो. वास सुटला तो तेव्हा. प्लग ओलेचिंब. मग नानांनी दारातूनच हातवारे करून सांगितलं, चोक आत ढकल, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धर, सोडू नकोस, आणि सेल्फ मार. हवा जाऊ दे, पेट्रोल सुकू दे. ते करूनही काही झालं नाही, उलट सेल्फ आणखी मलूल झाला. मी स्कूटर काढली.

साडेबाराला घरी आले तर मारुती एका सेल्फमध्ये चालू.

दुखणं फसवं होतं ते यामुळे. सकाळी मेलेली गाडी दुपारी ठणठणीत. शनिवारी-रविवारी नाना दहाच्या उन्हात बाहेर येऊन बघायचे, तेव्हा ती अशी वागायची की जणू मीच खोटं बोलतेय. एकदा तर त्यांनी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनेही पाहिलं. गाडी चालवण्याचा माझा वकूब त्यांनी मनातल्या मनात पुन्हा तोलला असावा.

चोकची भानगड मी तोवर नीट समजून घेतली नव्हती. पेट्रोल जळतं असं आपण म्हणतो, पण जळते ती त्याची वाफ. इंजिन गरम असताना एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा असं प्रमाण जमतं. इंजिन थंड असलं की आलेल्या पेट्रोलमधला बराचसा भाग थेंबांच्याच रूपात मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, भिंतींना चिकटून बसतो, वाफ होते ती थोड्याची. म्हणून आधीच जास्त पेट्रोल पाठवायचं, म्हणजे त्यातली कामाला येणारी वाफ पुरेशी होईल. चोक ओढला की कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप मिटते, हवा अडते आणि ओढ वाढून पेट्रोल जास्त येतं. नंतरच्या एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणाऱ्या, गाड्यांत पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर हेच काम गुपचूप करतो, त्यामुळे ज्यांनी गाडी त्या काळात शिकली त्यांना चोक म्हणजे काय ते सांगावं लागतं. आमच्या स्टाफरूममधल्या एकीला वाटलं होतं, चोक होणं म्हणजे नाल्यासारखं तुंबणं.

गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी विचारलं, आणि तिथे आरोपी आधीच ठरलेला होता. इथेनॉल. पंपावर हल्ली वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुन्या गाड्यांना ते सोसत नाही, थंडीत तर नाहीच. यात तथ्य नाही असं नाही. पेट्रोल हे हलक्या-जड घटकांचं मिश्रण असतं, त्यातले हलके घटक थंडीतही चटकन उडतात. इथेनॉल एकच पदार्थ, ७८ अंशांना उकळणारा, आणि वाफ होताना तो पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता शोषतो. त्याला हवाही कमी लागते, म्हणजे साध्या पेट्रोलच्या मापाचं भोक, जेट, बसवलेल्या जुन्या कार्बोरेटरला हे मिश्रण थोडं पातळच पडतं. शिवाय ते हवेतला ओलावा धरतं, जुन्या रबरी नळ्या फुगवतं. नानांनी दोन वर्षांपूर्वीच पेट्रोलच्या नळ्या बदलून घेतल्या होत्या त्या याच कारणाने. पण ग्रुपवरची मंडळी सगळी पाप त्याच्याच माथी मारतात, मायलेज, गंज, खड्ड्यांनी सैल झालेलं सस्पेन्शनसुद्धा. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. हेच पेट्रोल घालून नोव्हेंबरभर गाडी सकाळी सुरू होत होतीच की.

शेवटी गाडी एका गॅरेजला नेली. दुपारी नेली, चालवत नेली, म्हणजे तिथे ती बरीच होती. मी तिथेही "सेल्फ छान घुमतो, पण पेटत नाही" असंच सांगितलं. मग त्या लोकांनी कार्बोरेटर खोलला, किट टाकलं, तिन्ही प्लग नवे, एअर फिल्टर नवा. बिल साडेतीन हजार. गाडी तिथेच, दुपारी चारला, एका झटक्यात चालू करून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला गुर्रर्र... गुर्. राग त्यांच्यावर काढावा असं वाटलं खरं. पण रात्रभर गाडी ठेवून पहाटे किल्ली फिरवायला कोणतं गॅरेज उघडं असतं? आणि त्यांच्या हातात चुकीचं वर्णन दिलं ते मीच.

त्या बारा दिवसांत एक गोष्ट मात्र कोणाच्याच लक्षात आली नाही, आणि ती अगदी पेपरात छापून येत होती. रोज सकाळी निफाडचा आकडा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा आमच्या नाशिकपेक्षा नेहमी थोडा खालीच असतो. आम्ही हौसेने तो आकडा वाचतो, काश्मीरशी तुलना करतो, कानटोप्या काढतो. पण गाडीच्या दृष्टीने ही थंडी म्हणजे काहीच नाही. पेट्रोल उणे चाळीसच्या आसपाससुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. हिमाचलात याच मारुती बर्फात सुरू व्हायच्या. सहा-सात अंशांना धडधाकट गाडी कुरकुरत का होईना, उचलायलाच हवी. नाशिकची थंडी गाडी बिघडवत नाही. आधीपासून जे बिघडलेलं असतं आणि उन्हाळ्यात कसंबसं निभतं, ते ती उघडं पाडते, इतकंच. हे वाक्य नानांचं, पण ते त्यांनी नंतर म्हटलं, तेराव्या दिवशी.

बाराव्या दिवशी संध्याकाळी चहा घेताना मी असंच म्हणाले, "थंडीत एक बरं आहे, चोक ओढला की त्याची दांडी छान कोमट लागते हाताला."

आईला वाटलं मी विनोद केला. नानांनी डाव्या कानामागे हात धरला. "काय कोमट लागतं?"

"चोकची दांडी. घुंडी ओढल्यावर बाहेर येते ना, ती लोखंडी. कोमट असते. काल जरा वासही आला, प्लास्टिकसारखा."

नानांनी कप खाली ठेवला. नंतर माझ्याकडे बराच वेळ बघितलं. कार्बोरेटरचं बिल आणून दिलं तेव्हा बघितलं होतं त्याहून जास्त.

"गाडी बंद असताना ती का गरम होईल?" ते म्हणाले.

मी कधी विचारच केला नव्हता. थंडीत हाताला ऊब लागली, बरं वाटलं, एवढंच. चोकची तार म्हणजे केबल. पण तो करंट नेण्यासाठी असलेला भाग नाही, नुसता ओढायचा दोरा. डॅशबोर्डपासून कार्बोरेटरपर्यंत जाणारी पोलादी तार, वर पोलादी वेटोळ्यांचं कवच, त्यावर प्लास्टिक. एक टोक बॉडीला, दुसरं इंजिनाला. ती तापते याचा अर्थ एकच, करंट तिच्यातून जातोय. आणि सेल्फचा करंट तिच्यातून जातोय याचा अर्थ, त्याची नेहमीची वाट बंद झाली आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईची बंदी मोडून नाना बाहेर आले. मफलर, कानटोपी, स्वेटरवर शाल, हातात मल्टिमीटर. ते सगळ्यात आधी बॉनेटपाशी गेले नाहीत. पुढच्या डाव्या मडगार्डवर, दव पुसून, त्यांनी तळहात टेकवला आणि मला मान हलवून खूण केली. मी सेल्फ मारला. तीन-चार वेळा गडगडून तो थांबला. नानांनी हात तसाच ठेवला होता, डॉक्टर पोटावर ठेवतात तसा.

"हे घर्रर्र आहे?" ते म्हणाले. "अगं, ही तर कण्हतेय!"

त्यानंतर जे झालं त्याला अर्धा तास लागला आणि त्यात एकही पार्ट बदलायचा नव्हता. आधी डेल्कोच्या, म्हणजे प्लगांना आळीपाळीने करंट वाटणाऱ्या डब्याच्या, मधली जाड वायर काढून बॉडीला टेकवून ठेवली, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन पेटणार नाही. नाना सीटवर बसले, मी बॉनेटखाली मीटरच्या दोन सुया धरून. त्यांच्या बोटांना आता कंप आहे, सुई टेकत नाही. पण मी आकडा ओरडून सांगितला तरी त्यांना ऐकू जाणार नव्हता, आणि सव्वासहाला गल्लीत ओरडायची सोयही नव्हती. म्हणून ठरलं, बोटांनी दाखवायचं.

बॅटरी आराम करत असताना १२.५. ठीक. सेल्फ मारताना बॅटरीच्याच दोन्ही टोकांवर १०.७. हेही ठीक. बॅटरी खरोखर मेलेली असती तर ते साडेनऊच्या खाली गेलं असतं. म्हणजे बॅटरी आपलं काम करत होती, आणि तरी मोटर रडत होती. "मग व्होल्ट जातायत कुठे?" नानांनी काचेतून विचारलं. "कुठेतरी सांडतायत. सांडतायत ती जागा शोध."

काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर, क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खुंटीवर. लाल सुई इंजिनाच्या अंगावर, अल्टरनेटरच्या ब्रॅकेटचा एक बोल्ट खरवडून त्यावर. या दोन जागांमध्ये काहीच फरक असायला नको. दोन्ही अर्थिंगच, करंट बॅटरीकडे परतायची वाट. सेल्फ फिरताना फार तर पाव व्होल्ट. नानांनी किल्ली फिरवली. मीटरचा आकडा उडाला आणि २.१ वर थरथरत राहिला. मी काचेतून दोन बोटं दाखवली. त्यांनी भुवया उंचावून पुन्हा विचारलं, झिरो पॉइंट दोन का? मी मान हलवली आणि दोन बोटं आणखी पुढे केली.

सेल्फची मोटर शंभर अँपिअरच्या घरात करंट ओढते. मग वाटेत कुठेही एका ओहमचा शंभरावा हिस्सा जरी अडथळा आला तरी एक व्होल्ट तिथेच संपतो. घरातल्या बल्बला असला अडथळा कळणारही नाही. आता थंडीचा हिशोब जुळतो. थंडीत ऑइल घट्ट होतं, त्यात जुनं इंजिन ऑइल खातं म्हणून आम्ही मागल्या खेपेला जरा जाडच ऑइल घातलेलं. इंजिन जड, म्हणून मोटर जास्त करंट मागते. करंट जास्त, म्हणून त्याच अडथळ्यावर व्होल्ट जास्त सांडतात. बॅटरीचाही थंडीत हात आखडता. मोटर हळू फिरते, आणि ती चालू असताना ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलच्या वाट्याला येतं तेही कमी, म्हणजे ठिणगी फिकट. आणि मी वरून चोक ओढून, पंप मारून त्या फिकट ठिणगीवर पेट्रोल ओतत होते. दुपारी ऑइल सैल झालं, करंट कमी लागला, त्याच गंजक्या वाटेवरून भागलं.

नानांनी डिकीतून जम्पर केबल काढली. त्यातल्या काळ्या वायरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनाला. बस. डेल्कोची वायर जागेवर लावली. या वेळी किल्लीवर मी होते आणि नानांचा हात मडगार्डवर.

घर्रर्र.

मला तो फरक तेव्हा ऐकू आला. बारा दिवस जे ऐकून मी घर्रर्र म्हणत होते ते या आवाजाच्या जवळपासही नव्हतं. हा आवाज गोल होता, सलग, एका दमात उसळणारा, आणि तिसऱ्या फेऱ्याला इंजिन पेटलंसुद्धा. नाना हसत होते. त्यांच्या तळहाताला कळलं होतं.

मग उजाडल्यावर शोधलं. गिअरबॉक्सवरून बॉडीला येणारी तांब्याची विणलेली पट्टी, अर्ध्या तारा तुटून हिरव्या पडलेल्या. पण खरा प्रकार तिच्या टोकाच्या कडीखाली, लगखाली, होता. नानांनी बोल्ट काढला तर लगच्या खाली पांढराशुभ्र, गुळगुळीत, ताजा रंग. त्याच वर्षी गुढीपाडव्याला मीच हौसेने गाडीचं डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं होतं. तेव्हा ती पट्टी सुटली, खालचा पत्रा रंगवला गेला आणि रंगावरच बोल्ट आवळला गेला. रंगातून करंट जात नाही. बोल्टच्या आट्यांतून जेवढा जाईल तेवढ्यावर मारुतीने एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढला. पहिला हिवाळा काढणं तिला जमलं नाही.

पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवी पट्टी दोनशे रुपयांच्या आत आली, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी खायच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुतली, वरून व्हॅसलीन. चोकची केबलही बदलावी लागली. तिचं प्लास्टिक आतून वितळून तारेला चिकटलं होतं, चोक अर्ध्यावर अडकायचा. साडेतीन हजारांचं बिल नानांनी फ्रिजवरच्या चुंबकाखाली लावून ठेवलं आहे. का, ते सांगत नाहीत.

त्या दिवशी चहावर ते बरेच बोलले. त्यांच्या पहिल्या मालकाची ॲम्बेसिडर होती, तिला पुढून हँडल मारायचं. हँडल धरताना अंगठा बोटांच्या समोर वळवायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर इंजिनाने उलटा झटका दिला की अंगठा गेला. सेल्फची मोटर १९१२मध्ये कॅडिलॅकमध्ये पहिल्यांदा आली आणि हँडल हळूहळू नुसतं अडीअडचणीपुरतं उरलं. "पण हँडलला एक होतं," नाना म्हणाले. "इंजिन जड झालंय की हलकं, ते मनगटाला कळायचं. कोणाला विचारावं लागायचं नाही." मला ते लागलं थोडं. त्यांनी मला उद्देशून म्हटलं नसेलही.

दुसऱ्या दिवशी मी जरा लवकर उठले, सहाला. मिट्ट काळोख होता, बागांकडून धूर, गाडीवर दवाचा जाड थर. नाना आधीच ओट्याखाली उतरलेले. आईने काही म्हटलं नाही, नुसती त्यांची शाल नीट केली. मी चोक अर्धा ओढला, ॲक्सिलरेटरला हातही, म्हणजे पायही, लावला नाही. घर्रर्र, आणि चालू. नानांनी मडगार्डवर हात ठेवला.

"आवाज कसा आला?"

मी या वेळी घाई केली नाही. काच खाली करून ऐकलं. इंजिन चोकवर जोरात चाललं होतं, पण सरळ नाही. मध्येच काहीतरी राहून जात होतं. मी उतरले, त्यांच्या डाव्या कानापाशी गेले. "घर्रर्र," मी म्हणाले. "मग एकदम चालू. पण उचक्या येतायत. तीनात एक."

त्यांचा हात अजून तिथेच होता. डोळे मिटलेले. "हं," ते म्हणाले. "मिसिंग आहे. बॉनेट उघड. आणि तो दिवा बंद कर."

ओट्यावरचा दिवा बंद केला. सातला प्रार्थना होती. बॉनेटची दांडी लावली आणि आम्ही दोघं अंधारात वाकून बघत राहिलो. प्लग नवे होते, वायरी जुन्याच. दवाने भिजलेल्या त्या काळ्या वायरींपैकी शेवटच्या एकीवर केसासारखा निळा धागा चमकत होता, प्लगकडे न जाता मध्येच इंजिनाच्या अंगावर उडी मारत होता, विझत होता, पुन्हा चमकत होता.

नानांनी विचारायच्या आधीच मी तीन बोटं दाखवली.